अकरा वर्षांचा पालक

मी कसबा पेठेतला माणूस. आमच्याकडे कोणाचं कौतुक करायचं झालं तर आधी त्याच्या चुका सांगतात, म्हणजे ऐकणाऱ्याचा पुढच्यावर विश्वास बसतो. विजयमालाबाई ओव्हाळांबद्दल लिहायचं तर मलाही त्यांच्या चुकीपासूनच सुरुवात करायला हवी. ती चूक त्यांनी तोंडी केली आणि लेखी मी केली. वहीत अक्षर माझं आहे, त्यामुळे नाकबूल होण्याची सोय नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडची पोरकी मुलं सांभाळायला पुण्यातल्या ज्या संस्था पुढे आल्या, त्यांत आमची एक अगदी लहान होती. मांजरीला एका विश्वस्ताची जागा होती, तिन्ही बाजूंनी ऊस. तिथे पत्र्याच्या चार शेड उभ्या राहिल्या आणि साठ मुलं आली. मला आदल्याच वर्षी पिंपरीच्या कारखान्यानं व्हीआरएसचा नारळ दिला होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी घरी बसून बायकोच्या कामात खोड्या काढत होतो. तिनंच कोणाला तरी सांगून मला इथे कारकून म्हणून चिकटवलं. मुलं मला तात्या म्हणायची. तात्याराव हे नाव आईबापांनी ठेवलं होतं, 'राव' मुलांनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं.

विजयमालाबाई गृहमाता म्हणून आल्या. वय अडतीस, उंची बेताची, खांद्याला कायम एक कापडी पिशवी. त्यात कंगवा, सुई-दोरा, आयोडीनची बाटली आणि खडूचे तुकडे. त्यांना राग आला की आवाज वर जायच्या ऐवजी खाली यायचा. मुलांना हे लवकर कळलं. बाई हळू बोलायला लागल्या की शेडमधला गोंगाट आपोआप बंद व्हायचा.

मुलं आल्यावर तिसऱ्या आठवड्यात आम्ही नोंदवही करायला बसलो. नाव, गाव, जन्मतारीख, पालकाचे नाव, नाते, पालकाची सही. सोपे रकाने होते, पण प्रत्येक रकान्याशी कोणीतरी रडत होतं. दुपारी दोन मुलं समोर आली. ज्ञानदेव, वय अकरा, आणि त्याची बहीण तुळजा, वय नऊ. तेरणेकाठच्या गावातली. आई, वडील, आजी, तिघंही घराखाली गेले. त्यांना भेटायला काका आले होते, दत्तोबा. मी विचारलं, "पालक म्हणून तुमचं नाव घालू ना?"

दत्तोबा म्हणाले, "माझं नाव कशाला घालता साहेब? माझ्या नावावर दोन पोरं व्हती, ती तरी ऱ्हायली का?"

मी रकाना तसाच ठेवून पेन टेबलावर टेकवलं. तेवढ्यात ज्ञानदेव बोलला. आल्यापासून त्यानं तोंडातून शब्द काढला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते की वेळ लागेल. तो म्हणाला, "तुळजीचा मी हाय. माझं लिवा."

मी हसलो. हसू नये तिथे हसण्याची मला सवय आहे. पण विजयमालाबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या पोराकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "लिहा तात्या. पालक ज्ञानदेव. नाते भाऊ."

"अहो बाई, त्यालाच पालक लागतो अजून."

"त्याच्या रकान्यात संस्थेचं नाव लिहा. तिच्या रकान्यात त्याचं. एकवीस दिवसांनी पोरगं पहिलं वाक्य बोललंय, ते मी खोडायला सांगणार नाही."

मी लिहिलं. ज्ञानदेवनं सही केली. बापाच्या नावासकट, जोडाक्षरं तोडून, जीभ बाहेर काढून. ती सही करायला त्याला चार मिनिटं लागली आणि त्या चार मिनिटांत तो मुलगा जिवंत झाला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तो बोलायला लागला. म्हणून मी बाईंना आजही पूर्ण दोष देत नाही.

आणि बाईंना तसं का वाटलं, तेही सांगायला हवं. बाई पुण्यातल्याच. वडील भीमराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला, छप्पन साली तरुणपणी दीक्षा घेतलेले, घरात शिस्त आणि पुस्तकं. त्यांनी बाईंचं लग्न दौंडला करून दिलं होतं. नवऱ्याचा हात चालायचा. आठ महिन्यांनी भीमराव लेकीला सहज भेटायला म्हणून गेले, तिच्या मनगटाकडे पाहिलं, आणि जावयासमोर म्हणाले, "ट्रंक भर." बस्स. वाद नाही, बैठक नाही. दुपारच्या गाडीनं बापलेक पुण्यात. घरी आल्यावर नातेवाईक बोलायला लागले तेव्हा म्हातारा म्हणाला, "तिचा पालक मी आहे, तुमच्यापैकी कोणी असेल तर पुढे या." ही हकिकत बाई सांगायच्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळायचा. पालक या शब्दाचा त्यांना ठाऊक असलेला अर्थ तो होता. कोणीतरी येतं, आपली ट्रंक भरायला सांगतं, आणि आपण सुटतो.

ज्ञानदेवच्या घरी त्या शब्दाचा अर्थ वेगळा होता, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

सुरुवातीला सगळं गमतीचं वाटायचं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गावाकडचे नातेवाईक भेटायला यायचे. त्यांच्यासाठी लिंबाखाली सतरंजी अंथरलेली असायची. काके, मामे, आजे मांडी घालून बसायचे आणि त्या रांगेत हा अकरा वर्षांचा पालक, शर्टाचं वरचं बटण लावून. मग तुळजा त्याला 'भेटायला' यायची. सकाळी दोघं एकाच नळावर दात घासत असायचे! तो तिला विचारायचा, "अभ्यास करायलीस का?" ती मान हलवायची. प्रगतिपुस्तकावर सही करायला तो माझ्या टेबलाशी यायचा तेव्हा माझं चांगलं पेन मागायचा, बॉलपेन त्याला चालत नसे. मी बाकीच्यांना हे रंगवून सांगायचो. लोक हसायचे, डोळे पुसायचे.

शहाण्णव साली तुळजा सायकल शिकली. संस्थेची एकच सायकल, दांडीची. सातवीतला एक मुलगा मागून धरायचा आणि ही अर्धी पायडलं मारत मारत उसाच्या कडेनं जायची. ज्ञानदेवनं ते पाहिलं. संध्याकाळी नळापाशी सगळ्यांच्या देखत त्यानं तिला चपलेनं मारलं. थांबून थांबून, मोजल्यासारखं. कोणी मध्ये पडलं नाही. मुलगे कडेनं उभे होते आणि एक जण म्हणाला, "तिचा पालकच हाय तो." मुलीही उभ्या होत्या. त्यांतल्या दोघी-तिघींच्या तोंडावर, खरं सांगतो, हे असंच असतं असा भाव होता.

मी धावत गेलो आणि ज्ञानदेवच्या कानाखाली दिली. एक नाही, दोन. मला वाटलं मी न्याय केला.

विजयमालाबाईंनी मला कचेरीत बोलावलं. आवाज इतका खाली की मला पुढे वाकावं लागलं. "तात्या, आज तो काय शिकला माहीत आहे? जो मोठा असतो त्यानं लहानाला मारायचं. त्याला ते आधीच येत होतं. तुम्ही उजळणी घेतलीत."

मला राग आला. मी म्हणालो, "मग काय ओवाळायचं होतं? आणि भावानं बहिणीला चार फटके मारले म्हणून आभाळ कोसळत नाही." हे मी बोललो, लपवून काय करू? माझ्या घरातही मी वेगळं काही पाहिलं नव्हतं. माझा बाप देवभोळा होता, संध्याकाळी रामरक्षा म्हणायचा आणि अधूनमधून आईवर हात टाकायचा. आम्ही भावंडं तेवढ्या वेळात पाटावर बसून पाढे म्हणायचो, मोठ्यानं.

बाईंनी ज्ञानदेवला विचारलं, "का मारलंस?"

"मी पालक हाय तिचा. वहीत हाय."

"पालक मारतो, असं वहीत लिहिलंय का?"

त्याला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, "मग वहीत नाव कशाला लागतंय?"

त्या वेळी बाईंनी ते नाव खोडायला हवं होतं. मी म्हणालोही. त्या म्हणाल्या, नाव काढलं तर त्या पोराकडे उरतं काय? त्याऐवजी त्यांनी दुसराच मार्ग काढला. पालकानं काय काय करायचं, याचा पाठ त्यांनी त्याला द्यायला सुरुवात केली. पिशवीतला कंगवा त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, उद्यापासून तुळजाच्या वेण्या तू घालायच्या. तिच्या उवा तू काढायच्या. तिच्या फ्रॉकची बटणं तू लावायची. तिला टायफॉईड झाला तेव्हा कपाळावरच्या घड्या बदलायला त्याला चार दिवस शाळेतून सुट्टी दिली. आणि तो हे सगळं करायचा हो! मनापासून करायचा. वेण्या इतक्या घट्ट घालायचा की तुळजाच्या भुवया वर गेलेल्या असायच्या आणि ती दिवसभर कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारखी दिसायची. बाकीचे मुलगे आधी हसले, मग त्यांच्या बहिणी हटून बसल्या तेव्हा त्यांनाही शिकावं लागलं. सकाळी सातला ओट्यावर मुलग्यांची रांग आणि समोर पाठमोऱ्या बसलेल्या बहिणी, हे दृश्य मी पुण्यात दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

आम्हाला वाटलं, जिंकलो.

नव्व्याण्णवमध्ये कुठल्याशा कॉलेजचे विद्यार्थी छापील प्रश्नावली घेऊन आले. आपत्तीतून आलेल्या मुलांना लहानपणी किती मार मिळाला आणि त्यांची स्त्रियांबद्दलची मतं काय, असा त्यांचा अभ्यास होता. होय किंवा नाहीवर खूण करायची. 'बायको न विचारता घराबाहेर गेली तर नवऱ्याने तिला मारणे योग्य आहे का?' मोठ्या मुलग्यांपैकी तीन सोडून सगळ्यांनी होयवर खूण केली. मुलींपैकीही निम्म्याहून जास्त जणींनी होय म्हटलं. ज्ञानदेवचं होय होतं. तुळजानं त्या प्रश्नापुढे काहीच केलं नव्हतं, पेनाचं टोक टेकवून उचलल्याचा एक ठिपका तेवढा होता. विजयमालाबाई त्या रात्री जेवल्या नाहीत असं स्वयंपाकीणबाई म्हणाल्या. मी एक कोरी प्रश्नावली घरी नेली, सहज. बायकोनं पुढून-मागून वाचली आणि म्हणाली, "एवढं विचारायला त्यांना मांजरीपर्यंत जावं लागलं?" आणि कुकर लावायला निघून गेली.

पुढचं मला बाईंकडूनच कळलं, तेही नंतर. दोन हजार एकमध्ये बारावीच्या परीक्षेच्या सुमाराला तुळजाच्या दंडावर वळ दिसले. ज्ञानदेव तोवर हडपसरच्या वसाहतीत वेल्डिंगच्या कामाला लागला होता, खोली घेऊन राहत होता आणि रविवारी बहिणीला भेटायला यायचा, खाऊ घेऊन. बाईंनी तुळजाला जवळ घेतलं, आयोडीन लावलं आणि म्हणाल्या, "तो वाईट नाही गं. तुझ्यासाठी जीव टाकतो. जरा सांभाळून घे." मला हे सांगताना बाई म्हणाल्या होत्या, "तात्या, अगदी हेच शब्द दौंडला माझ्या सासूनं मला ऐकवले होते."

आता दोन हजार तीन. मांजरीचा ऊस मागे सरकत होता आणि इमारती पुढे येत होत्या. मगरपट्ट्यात काचेच्या कंपन्या उभ्या राहिल्या होत्या आणि सकाळी त्यांच्या पांढऱ्या बस मांजरी फाट्यापर्यंत यायच्या. तुळजानं बारावीनंतर एमएस-सीआयटी केलं, टायपिंग केलं. ती वसतिगृहातच राहून लहान मुलींचा अभ्यास घ्यायची. एका कंपनीत तिची निवड झाली. परदेशातल्या विम्याचे कागद संगणकावर तपासायचे, दिवसाची पाळी. शनिवारी चारपर्यंत मूळ प्रमाणपत्रं नेऊन दाखवायची, सोमवारी रुजू व्हायचं. कागद दाखवले नाहीत तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

मूळ कागद माझ्या कपाटात होते. मागे एका मुलाच्या दोन काकांनी त्याचे कागद दोन्हीकडून ओढले होते, तेव्हापासून विश्वस्तांचा ठराव होता: मूल संस्थेत राहत असेल तोवर कागद फक्त वहीतल्या पालकाच्या सहीनं द्यायचे, दुसऱ्या कोणाच्याही नाही. तुळजा एकोणीस वर्षांची होती, कायद्यानं सज्ञान. पण कायदा हे आमच्या विश्वस्तांच्या मानानं फारच नवीन प्रकरण होतं. मी ज्ञानदेवला निरोप धाडला.

तो शनिवारी साडेबाराला आला. कामावरून तसाच, शर्टावर ठिणग्यांची बारीक भोकं. सही करायला नकार दिला. म्हणाला, दत्तोबाकाकाच्या मध्यस्थीनं औशाकडे स्थळ बघितलंय, दिवाळीनंतर बार उडवायचा. तिकडच्यांना नोकरीवाली नको. आणि त्या बसमध्ये पोरंपोरी एका सीटवर बसतात हे त्यानं स्वतः पाहिलं होतं.

तुळजा दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मला विचारलंस का?"

"तुला काय विचारायचं? मी हाय की."

विजयमालाबाई माझ्या टेबलाच्या बाजूच्या खुर्चीवर होत्या. त्या हळू बोलायला लागल्या. "ज्ञानदेव, दहा वर्षांपूर्वी या टेबलावर मी एक चूक केली. तू अकरा वर्षांचा होतास. तुझ्या हातात मी एक अख्खं माणूस दिलं. तसं कोणी करत नसतं. तुला तेव्हा कोणीतरी सांभाळायला हवं होतं, मी तुलाच सांभाळायला लावलं. आणि तुळजा, तुझे वळ पाहूनही मी गप्प बसले. ही दुसरी चूक, आणि ती मोठी. तुझी मी माफी मागते."

ज्ञानदेवचा चेहरा लाल झाला. बाई माफी मागतात आणि तीही तुळजीची, हे त्याच्या डोक्यात शिरेना. तो तिच्याकडे वळला. "तू चुगल्या करायलीस व्हय माझ्या?" आणि हात उचलला.

मी खुर्चीवरून अर्धा उठलो होतो. तुळजा हलली नाही, हातही आडवा धरला नाही. फक्त त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा हात वरच राहिला. मग तो खाली आला आणि ज्ञानदेव बोलायला लागला, आमच्याकडे न बघता, खिडकीकडे तोंड करून.

"तुमाला ठावं नाही बाई. त्या रात्री बाप आईला मारायला लागला. इसर्जनाला बायकांसंगं गेली म्हनून. रोजच्यापेक्षा जास्त मारायला लागला. मी तुळजीला म्हनलं, चल, मांडवात जाऊन झोपू. गनपती गेल्ता, मांडव रिकामाच व्हता. ही येईना. आईचा पदर धरून बसली. सोडंचना. मग म्या हिला मारलं. लई मारलं. झिंज्या धरून वडत नेलं भाईर. मांडवात पन रडायली, पळायला बघायली, तवा परत मारलं. तवा कुठं झोपली. मारलं म्हनून वाचली ही. नसतं मारलं तर आईसंगंच गेली असती."

दहा वर्षं मी त्या पोराच्या सह्या घेतल्या, त्याच्या कानाखाली मारलं, त्याच्या गमती लोकांना सांगितल्या. यातलं काही मला माहीत नव्हतं. बाईंनाही नव्हतं. त्यांच्या पदराचं टोक मुठीत आलं होतं.

तुळजाला मात्र माहीत होतं. ती आमच्याशी पुण्यासारखं बोलायची, पण आता भावाशी त्यांच्या गावच्या भाषेत बोलली. "मला समदं आठवतंय, दादा. तू वडलंस म्हनून मी जिती हाय. ते मी कवाच नाही म्हननार नाही. पन भूकंप कवाच थांबलाय. आता कशाला मारायलास?"

विजयमालाबाई उठल्या, कपाटाची किल्ली माझ्या खणातून स्वतःच घेतली, तुळजाचं पाकीट काढलं आणि वही उघडून तिच्यापुढे ठेवली. "तू सही कर. तुझे कागद, तुझी सही."

"बाई, ठरावात बसत नाही," मी म्हणालो. सवयीनं. नंतर तीन दिवस या वाक्याची लाज वाटत होती.

"विश्वस्तांनी विचारलं तर सांगा, गृहमातेनं केलं. मेमो द्यायचा तर तुम्हीच टाईप करणार आहात, शुद्धलेखन तेवढं सांभाळा."

तुळजानं सही केली. पाकीट छातीशी धरलं. घड्याळात सव्वा वाजला होता, फाट्यावरून दीडची बस होती. दारातून जाताना ती भावाच्या खांद्याला क्षणभर हात लावून गेली. तो वळला नाही. तिची पावलं व्हरांड्यातून, मग मुरमावरून ऐकू आली आणि मग ऐकू येईनाशी झाली.

ज्ञानदेव तसाच उभा होता. तो बाईंना म्हणाला, "मग मी आता काय करू?"

हे त्यानं टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. एकवीस वर्षांचा, दंड भरलेला गडी. मला माझ्या सगळ्या विनोदांची शरम वाटली.

विजयमालाबाईंनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंस?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

त्या त्याला दंडाला धरून जेवणघरात घेऊन गेल्या. मुलांची पंगत उठून गेली होती. मी मागोमाग गेलो, काही काम नसताना. बाईंनी त्याला पाटावर बसवलं, ताट मांडलं, भाकरी, बटाट्याची भाजी, आमटी. स्वयंपाकीणबाई वाढायला पुढे आल्या तर त्यांना हातानंच मागे सारलं. भाकरी मोडून आमटीत कुस्करून दिली, लहान मुलाला देतात तशी, आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. तो जेवायला लागला. खाली मान घालून, भराभर. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते पुसत नव्हता. बाईंचा हात त्याच्या पाठीवर होता.

अर्ध्या ताटावर तो एकदम थांबला आणि उठायला लागला. म्हणाला, "तुळजी जेवली नाही, बाई. तशीच गेली."

"तिचं ती बघेल," बाई म्हणाल्या. "तू जेव."

तो अर्धवट उठलेला तसाच राहिला, दाराकडे बघत. मग खाली बसला आणि जेवायला लागला.